आधी टिटवी, मग माळढोक

सोलापूर जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत मी तिसरीच्या वर्गात तासभर बसलो होतो. भिंतीवर संकटग्रस्त प्राण्यांचा तक्ता होता: पांडा, ध्रुवीय अस्वल, गेंडा, वाघ. बाईंनी छडी टेकवली की मुलं एका सुरात नाव म्हणत होती. शेवटी मी विचारलं, "तुमच्या माळावर काय काय दिसतं रे?" वर्ग गप्प झाला. मग मागे बसलेला धनगराच्या घरचा एक मुलगा हळूच म्हणाला, "काय न्हाय सर. नुसती टिटवी."

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत तोच मुलगा मला माळावर घेऊन गेला. जूनची अखेर होती, एक पाऊस पडून गेला होता. चालता चालता त्याने हात आडवा धरला. "सर, फुडं पाय टाकू नगा." मला समोर खडे, वाळकं गवत आणि शेळ्यांच्या लेंड्या यांपलीकडे काहीच दिसेना. त्याने हनुवटीने दाखवलं तेव्हा कुठे चार अंडी दिसली. मातकट रंग, त्यावर काळे डाग, निमुळती टोकं आतल्या बाजूला वळलेली. घरटं म्हणावं असं काही नव्हतंच. उथळ खळगा आणि कडेला मांडलेले चार खडे. डोक्यावर नर-मादी घिरट्या घालत कोकलत होती. "लांब सरू या," तो म्हणाला, "आपण हितं हाय तवर ती बसायची न्हाय." उंचावर अंडी घातली की पाऊस लई, असं आजा सांगतो, हेही त्याने सांगितलं. उन्हं तापली की टिटवी पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसते, हे त्याने कोणत्याही पुस्तकात वाचलेलं नव्हतं, पाहिलेलं होतं.

एवढं ज्याला ठाऊक आहे, त्या मुलाला वर्गात 'नुसती' म्हणावंसं वाटलं. माझ्या मते हीच आपल्या वन्यजीव-शिक्षणाची सर्वांत मोठी चूक आहे. आपण मुलांना दूरचा प्राणी देतो आणि जवळचा काढून घेतो. मग पंधरा वर्षांनी त्यांना माळाबद्दल काहीच वाटत नाही, याचं आपल्याला आश्चर्य वाटतं.

आपल्याकडे कायद्याची उणीव नाही. पर्यावरणाचं शिक्षण द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच सांगितलं. महाराष्ट्रात तिसरीपासून त्यासाठी विषय आहे आणि त्याचं नाव किती नेमकं आहे: परिसर अभ्यास. परिसर म्हणजे आपल्या भोवतालचं. त्या नावाखाली भिंतीवर लटकतो तो चीनमधला पांडा. त्याला तर २०१६ साली धोक्याच्या यादीत एक पायरी खालीही आणलं गेलं, तक्त्याला अजून त्याचा पत्ता नाही. पांडाशी माझं वैर नाही. पण सात-आठ वर्षांच्या मुलाला त्याच्याविषयी फक्त कीव येऊ शकते, आणि कीव शाळा सुटेपर्यंतही टिकत नाही.

ज्या माळावर आम्ही उभे होतो, तशाच माळांवर माळढोक राहायचा. नावातच माळ असलेला हा पक्षी मीटरभर उंच असतो आणि नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं. याच जिल्ह्यातल्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली झालं. आज तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही माळढोक उरलेले नाहीत. देशभरातली संख्याच दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी मानली जाते आणि त्यातले बहुतेक राजस्थानात आहेत.

हे तिसरीतल्या मुलाला कसं सांगायचं? आकडे सांगून उपयोग नाही. त्याने टिटवीची चार अंडी पाहिलेली असतात, तिथूनच निघायचं. टिटवी चार घालते; दोन कुत्र्याने खाल्ली तरी दोन उरतात. माळढोकही जमिनीवरच अंडं घालतो, पण बहुधा एकच. ते एक गेलं की त्या जोडीचं त्या हंगामातलं सगळंच गेलं. एवढं बोलून थांबलं तरी मूल पुढचा प्रश्न स्वतःच विचारतं: मग कुत्रं कुणी आणलं? माळावर कचरा कुणी टाकला? माळढोक विजेच्या तारांवर आदळतो, त्या त्याला दिसत नाहीत का? नाही दिसत. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, समोरचं त्याला फार कमी दिसतं आणि एवढं जड शरीर ऐनवेळी वळवता येत नाही. मुलाला कारण कळलं की त्याच्या हाती काहीतरी लागतं. नुसतं "तो नष्ट होतोय" हे वाक्य त्याचे हात रिकामेच ठेवतं.

अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड सोबेल यांनी १९९६ साली 'बियाँड इकोफोबिया' या पुस्तकात मांडलं की, लहान मुलांवर दूरच्या संकटांचं ओझं टाकलं तर ती निसर्गाच्या जवळ येण्याऐवजी त्याला भिऊन लांब जातात. याच्याशी मी बराचसा सहमत आहे, पूर्ण नाही. आपल्या गावातलं मूल मरण पाहतच वाढतं. शेळीचं करडू रात्री लांडग्याने नेलेलं त्याला माहीत असतं, लाडका बोकड बाजारात गेलेला असतो. दुःखाने ते मोडत नाही. आपल्याला यात काहीच करता येणार नाही, ही भावना मात्र त्याला मोडते. म्हणून दुःख लपवू नये. फक्त त्याच्या पावलाने जाता येईल इतक्या अंतरावरचं असावं.

जाता येईल इतक्या अंतरावर प्रत्येकाकडे काहीतरी आहे. भीमाशंकरच्या मुलांकडे शेकरू आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. जिथे अंडी उकरून विकली जात, तिथे आता मुलं पहाटे वाळूवर बसून पिल्लं लाटेकडे जाताना पाहतात. मुंबईतल्या मुलालाही खाडीकाठी रोहित दिसतो.

माळाच्या बाबतीत मात्र अडचण अधिक खोल आहे. शाळेत निसर्ग म्हणजे झाड, असं समीकरण झालं आहे. जून आला की खड्डे, रोपं, फोटो. डोंगरावर, रस्त्याकडेला ते योग्यच आहे. पण माळरान हे उजाड झालेलं जंगल नव्हे. काळवीट, लांडगा, खोकड, तणमोर, चंडोल, धाविक यांचं ते घर आहे आणि या सगळ्यांना दूरवर नजर जाणारं मोकळं गवत लागतं. तिथे गिरिपुष्प किंवा सुबाभूळ दाट लावली की माळढोक ती जागा सोडतो. सरकारी नोंदींत मात्र अशा जमिनीला 'पडीक' म्हणतात आणि तो शब्द मुलाच्या तोंडी जसाच्या तसा येतो. 'नुसती टिटवी' हे त्याच शब्दाचं पिल्लू आहे. मारुती चितमपल्ली सोलापूरचेच. रानातल्या माणसांच्या तोंडची पक्ष्यांची नावं त्यांनी आयुष्यभर वेचून मराठीत आणली. ज्या पाखराला नाव आहे, त्याची जागा पडीक कशी म्हणणार?

मुलं थोडी मोठी झाली, सहावी-सातवीत गेली, की त्यांना दुसरी बाजूही सांगायलाच हवी. नान्नजचं अभयारण्य आधी ८,४९६ चौरस किलोमीटरवर आखलं गेलं. त्यात खासगी शेतं आली, गावं आली, आणि जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली. शेतकरी पक्ष्यावर चिडला. पुढे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. नान्नज द्राक्षांसाठीही ओळखलं जातं. पाणी आलं तसा कोरडवाहू माळ बागांखाली आणि उसाखाली गेला. ज्या मुलाच्या बापाने त्या बागेवर घर बांधलं, त्याला 'माणूस वाईट, पक्षी बिचारा' असं शिकवणं खोटं आहे आणि क्रूरही. ज्वारी-करडईच्या कोरडवाहू शेतात माळढोक चरायचा, शेतकऱ्याच्या पिकावरचे नाकतोडे खायचा, ही शेजारधर्माची गोष्ट त्याच्या आजोबांना आठवते. ती वर्गात यायला हवी. आजोबांनाच वर्गात बोलवावं.

'टिटवीदेखील समुद्र आटवते' ही म्हण आपण चिकाटीचा दाखला म्हणून वापरतो. तिच्यामागची पंचतंत्रातली कथा मुलांना पूर्ण सांगावी. समुद्राने टिटवीची अंडी नेली. ती एकटी नव्हती; सगळे पक्षी तिच्या बाजूने उभे राहिले, गाऱ्हाणं गरुडापर्यंत आणि तिथून विष्णूपर्यंत गेलं, तेव्हा समुद्राला अंडी परत द्यावी लागली. उघड्यावर अंडी घालणाऱ्या पक्ष्याची व्यथा आपल्या पूर्वजांनी किती जवळून पाहिली होती!

शिक्षकांना माझी विनंती आहे. टिटवीची वीण मार्चपासून पावसाळ्यापर्यंत चालते. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हाही माळावर अंडी असतात. वृक्षारोपणाचे खड्डे कुठे खणायचे हे ठरवण्याआधी एका सकाळी वर्गाला तिकडे न्या. वाट दाखवायला शेळ्या राखणारं एखादं मूल पुढे ठेवा, आणि ते थांबा म्हणालं की थांबा.