रिकाम्या कणगीजवळचा आनंद

(वाचनाचा भाग : हबक्कूक, अध्याय ३, वचनें १६ ते १९)



मृग कोरडा जातो. आर्द्रा नक्षत्र नुसतें आभाळ दाखवून निघून जातें. पेरलेलें बीं मातींतच करपतें. कणगींत हात घातला म्हणजे तळ लागूं लागतो, आणि दावणीची बैलजोडी बाजारास न्यावी कीं काय, ही गोष्ट नवराबायको मुलें निजल्यावर हलक्या आवाजानें बोलूं लागतात. अशा दिवसांत रविवारीं उपासनेची घंटा वाजते, आणि उपदेशक उभा राहून ख्रिस्ती मनुष्याच्या आनंदाविषयीं बोलूं लागतो. ऐकणाऱ्याच्या मनांत येतें, "ह्याच्या घरीं दळण आहे, म्हणून ह्याला हें बोलणें शोभतें." उपदेशकाच्याही मनांत येतें, "माझ्याही घरीं दळण नाहीं. मीं हें कोणत्या तोंडानें सांगावें?" ह्या दोघांशीं आज आम्हांस बोलावयाचें आहे.

शिवाय गांवांतला शेजारी विचारतो, "तुम्हीं धर्म बदलला, पण तुमच्या वावरावर वेगळा पाऊस पडला काय?" ह्या प्रश्नास सरळ उत्तर द्यावें. नाहीं, पडला नाहीं. स्वर्गांतील पिता आपला पाऊस भल्यांवर व बुऱ्यांवर सारखाच पाडतो, असें खुद्द प्रभूनेंच शिकविलें आहे. तेव्हां दुष्काळ आला म्हणजे तो ख्रिस्ती मनुष्याचा बांध ओळखून मागें फिरेल, असें वचन आपणांस कोणीं दिलेलें नाहीं. जो उपदेशक असें वचन देतो, तो देवाच्या नांवानें खोटी हुंडी लिहितो, आणि ती वटली नाहीं म्हणजे गरिबाचा विश्वास बुडतो.

तर मग आनंद कोठून यावा? ह्यासाठीं हबक्कूक संदेष्ट्याजवळ जाऊन बसूं या. त्याचा काळ मोठा वाईट होता. देशांत न्याय उरला नव्हता, आणि बाहेरून खास्द्यांचें क्रूर सैन्य चढून येणार, हें त्यास कळून चुकलें होतें. पुढें इ. स. पूर्वीं ५८७ च्या सुमारास त्याच लोकांनीं यरुशलेम जाळलें. त्याचें लहानसें पुस्तक तीन अध्यायांचें आहे, आणि त्याचा आरंभ स्तुतीनें नव्हे, तर तक्रारीनें होतो. मी किती काळ ओरडूं, आणि तूं कोठवर ऐकणार नाहींस, असें तो देवास तोंडावर विचारतो. देव त्यास ह्याबद्दल दटावीत नाहीं. पहाऱ्यावर उभ्या राहिलेल्या मनुष्याप्रमाणें तो उत्तराची वाट पाहतो, आणि त्यास उत्तर मिळतें.

शेवटल्या अध्यायांत तो आपल्या देशाची हानि मोजूं लागतो. अंजिराला फुलोरा नाहीं, द्राक्षवेलीला फळ नाहीं, जैतुनाचें पीक बुडालें, शेतांत अन्न नाहीं, वाड्यांत मेंढरूं नाहीं, गोठ्यांत गुरूं नाहीं. सहा गोष्टी त्यानें मोजल्या. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर ज्वारीला कणीस नाहीं, भुईमुगाला शेंग नाहीं, शेरडें विकलीं, दावण सुनी पडली. सावकारानें वहींत मांडावें तितक्या चोखपणें त्यानें सारें मांडलें. कांहीं झांकलें नाहीं, कांहीं कमी करून सांगितलें नाहीं. आणि ह्या सर्वांपुढें त्यानें एक लहानसा शब्द लिहिला : तरी. हें सारें असें झालें, तरी मी प्रभूमध्यें हर्ष मानीन, असा त्याचा निश्चय आहे.

बंधूंनो, आपला बहुतेक आनंद "म्हणून" ह्या शब्दाचा असतो. पाऊस पडला म्हणून आनंद, मुलगा झाला म्हणून आनंद, कर्ज फिटलें म्हणून आनंद. हाही देवाचीच देणगी आहे, आणि तिच्याबद्दल उपकार मानणें योग्यच. परंतु ज्या खुंट्याला तो बांधलेला, तो खुंटा उपटला कीं आनंदही जातो. "तरी" ह्या शब्दाचा आनंद शेताला बांधलेला नाहीं. तो देवानें जें तारण केलें त्याला बांधलेला आहे. प्रभु येशू आपल्यासाठीं मेला व तिसऱ्या दिवशीं उठला, ही गोष्ट पाऊस पडला तरी खरी, आणि न पडला तरी खरी. तिला टोळ खात नाहीं, आणि तिच्यावर कोणाची जप्ती येत नाहीं.

परंतु येथें एक चूक टाळली पाहिजे. आनंद म्हणजे रडूं नये, असें नव्हे. त्याच अध्यायांत, आनंदाचें बोलण्यापूर्वीं, आपलें अंग थरथरलें व ओंठ कांपले, असें संदेष्टा सांगतो. कांपणारा आणि आनंद करणारा मनुष्य एकच आहे. प्रेषित पौलानें फिलिप्पै येथील मंडळीस जें पत्र लिहिलें, त्यांत जागोजागीं आनंदाची आज्ञा आहे, आणि तें त्यानें बंदींत असतां लिहिलें. पण त्याच पत्रांत आपला सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारीं गेला होता, तो वांचला नसता तर आपणांस दुःखावर दुःख झालें असतें, हेंही त्यानें लपविलें नाहीं. स्वतः प्रभु लाजाराच्या कबरेजवळ रडला. म्हणून ज्या घरीं मूल गेलें आहे तेथें जाऊन, "विश्वासणाऱ्यानें रडूं नये," असें कोणत्याही वडिलानें बोलूं नये. त्या घरीं जावें, खालीं बसावें, आणि आधीं त्यांच्याबरोबर रडावें.

हें पुस्तकांतलेंच बोलणें आहे काय, असें कोणी म्हणेल. तर आपल्याच देशांतील एक साक्ष घ्या. पंडिता रमाबाई ह्यांचे आईबाप व वडील बहीण १८७४ च्या सुमारास दक्षिणेंतील दुष्काळांत अन्नावांचून गेलीं. १८८० मध्यें भाऊ वारला, आणि १८८२ मध्यें पति वारले. हातीं एक लहान मुलगी राहिली. पुढें १८८३ मध्यें इंग्लंडांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. नंतर १८९६ व १८९७ ह्या वर्षीं मध्य प्रांतांत दुष्काळ पडला, तेव्हां ज्या बाईनें भूक काय असते हें स्वतःच्या देहानें जाणलें होतें, तीच त्या भुकेल्या मुलुखांत गेली, आणि निराधार मुली व विधवा ह्यांस आपल्याजवळ घेऊन आली. केडगांव येथें त्यांस अन्न, विद्या व उद्योग मिळाला. १९०७ मध्यें रमाबाईंनीं आपली साक्ष इंग्रजींत लिहिली, तेव्हां कधीं न सरणारा ठेवा अशा अर्थाचें नांव तिला दिलें. ज्यांनीं रिकामें भांडें पाहिलें होतें, त्यांनींच न सरणाऱ्या ठेव्याची गोष्ट सांगितली. १९२१ मध्यें त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. तरी आरंभिलेलें पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर त्यांनीं शेवटास नेलें, आणि १९२२ च्या एप्रिलांत त्या प्रभूकडे गेल्या. रमाबाईंच्या दुःखांची मोजणी हबक्कूकाच्या मोजणीहून लहान नव्हती; पण त्या मोजणीपुढें "तरी" हा शब्द त्यांनीं आपल्या हातांनीं लिहिला.

आतां आपण काय करावें? पहिली गोष्ट, आपली हानि देवापुढें मोजा. प्रार्थनेंत गोड शब्दांची गरज नाहीं. कर्जाचा आंकडासुद्धां त्याच्यापुढें सांगा. दुसरी गोष्ट, एकत्र येण्याचें सोडूं नका. हबक्कूकाची ही प्रार्थना तंतुवाद्यांवर गाण्यासाठीं मुख्य गवयाकडे दिलेली आहे. म्हणजे एका मनुष्याचें दुःख सर्व मंडळीनें मिळून गावें, असें ठरलें. ज्याच्यानें गाववत नाहीं, त्याच्यासाठीं दुसऱ्यांनीं गावें. फिलिप्पै येथें पाय खोड्यांत असतां पौल व सीला मध्यरात्रीं गात होते, आणि इतर बंदिवान ऐकत होते. आपलें भजनही अंधारांत कोण ऐकत असेल, हें आपणांस ठाऊक नाहीं.

तिसरी गोष्ट, हात उघडा ठेवा. जिच्या घरीं चार भाकरींचें पीठ आहे, तिनें एका भाकरीचें पीठ शेजारणीस द्यावें. रोजगार हमीच्या कामावर नांव घालणें किंवा हक्काचें धान्य मागणें हें अविश्वासाचें लक्षण नव्हे; ज्यास अर्ज लिहितां येत नाहीं त्यास उपदेशकानें लिहून द्यावा. आणि एक फार महत्त्वाचें : कर्जानें गांजलेला एखादा भाऊ एकटा बसूं लागला, जेवण टाकूं लागला, आतां सर्व संपलें असें बोलूं लागला, तर त्यास त्या रात्रीं एकटें सोडूं नका. त्याच्या ओसरीवर जाऊन निजा. सकाळीं त्यास वैद्याकडे न्या, आणि सावकाराकडे किंवा पतपेढींत त्याच्याबरोबर चार माणसें जा. त्याचा "तरी" त्याच्या तोंडीं येत नसेल, तर तो मंडळीनें त्याच्यासाठीं म्हणावा.

ज्या मंडळ्यांत १९७२ चा दुष्काळ पाहिलेले वडीलधारे असतील, त्यांस उपासनेंत उभें करा. त्यांनीं खडी फोडली, सुकडीवर दिवस काढले. त्या दिवसांत देवानें त्यांस कसें धरून ठेविलें, हें लेंकरांनीं त्यांच्याच तोंडून ऐकावें.

एक गोष्ट सांगून आम्ही थांबतों. हबक्कूकाच्या पुस्तकाच्या शेवटीं अंजीर फुलल्याचें लिहिलेलें नाहीं. गोठा भरल्याचें लिहिलेलें नाहीं. शत्रु परतल्याचेंही लिहिलेलें नाहीं. इतकेंच लिहिलें आहे कीं प्रभु त्याचें बळ झाला, आणि हरिणीच्या पायांसारखे त्याचे पाय उंच कड्यांवर स्थिर झाले. वाट सोपी झाली नाहीं. पाय घट्ट झाले. प्रभूनें आपणां सर्वांस, आणि आज रात्रीं ज्याच्या घरीं चूल पेटली नाहीं त्यास प्रथम, हें बळ द्यावें. आमेन.