सल्ला कोणाचा, आज्ञा कोणाची?

मोटारीच्या काचेला चिकटवून ठेवावयाचे मार्गदर्शक यंत्र सुरू केले की, काही बनावटींच्या यंत्रांत, नकाशाच्या आधी एक इशारा दिसतो. येथील माहिती केवळ मदतीसाठी आहे, चालकाने स्वतःची बुद्धी वापरावी, प्रत्यक्ष रस्ता पाहावा, अशा आशयाचा तो मजकूर असतो. ‘मान्य’ या बटणावर बोट ठेवल्यावाचून यंत्र पुढे सरकत नाही. बोट ठेवले जाते; मजकूर क्वचितच वाचला जातो. त्यानंतर मात्र यंत्राची भाषा पालटते. ‘दोनशे मीटरवर उजवीकडे वळा’, ‘आता डावीकडे वळा’. जबाबदारी तुमची, असे आत्ताच ज्याने बजावले, तोच आता आज्ञार्थाखेरीज बोलत नाही. विध्यर्थाने सुरू झालेले संभाषण दोन क्षणांत आज्ञार्थात शिरते आणि आपल्याला ते जाणवतही नाही.

यंत्राची कर्तबगारी वादातीत आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या निदान चार उपग्रहांचे संदेश टिपून, ते पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून ते आपले ठिकाण ठरवते. अमेरिकन सरकार नागरी वापराच्या संदेशांत पूर्वी हेतुपुरस्सर चूक मिसळत असे. २००० सालच्या मे महिन्यात ती प्रथा बंद झाली आणि ही यंत्रे सामान्य चालकाच्या खऱ्या उपयोगाची झाली. आज त्यांचे बरेचसे काम मोबाईल फोनच करतो. पण आज्ञार्थ तोच आहे.

२००९ साली इटलीत घडलेली एक गोष्ट अनेकांनी हसण्यावारी नेली. एका स्वीडिश जोडप्याला काप्री या प्रसिद्ध बेटावर जावयाचे होते. यंत्रात नाव घालताना दोन अक्षरांची अदलाबदल झाली आणि ते उत्तरेकडील कार्पी या औद्योगिक गावात जाऊन पोहोचले. तेथील पर्यटन कार्यालयात त्यांनी बेटावरील निळ्या गुहेकडे जाण्याची वाट विचारली. वाटेत ना पूल लागला, ना नाव. बेटावर निघालेल्या माणसांना समुद्र ओलांडल्याचे स्मरण नसावे, हे नवल. येथे यंत्र चुकले नव्हते. विचारलेल्या गावी त्याने बिनचूक पोहोचविले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीच्या वाळवंटात मात्र हसण्यासारखे काही उरले नाही. यंत्राने दाखविलेल्या वाटेने गेलेल्या आईची गाडी वाळूत रुतली. काही दिवसांनी मदत पोहोचली तेव्हा आई जिवंत होती, मुलगा दगावला होता. त्या आईला दोष देणे सोपे आहे. मला ते जमत नाही. निर्मनुष्य प्रदेशात ठाम स्वरात सांगणारा तो एकच आवाज असतो.

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी सुज्ञतेच्या तीन क्रिया सांगितल्या आहेत: विचार घेणे, निर्णय करणे आणि आज्ञा देणे. तिसरीला ते प्रमुख मानतात. ही आज्ञा दुसऱ्याला द्यावयाची नाही, ती माणसाच्या बुद्धीने स्वतःच्याच कृतीला द्यावयाची आहे. इतरांकडून शिकून घेण्याची तयारी हाही ते सुज्ञतेचा एक भाग समजतात. तेव्हा यंत्राला वाट विचारण्यात कमीपणा मुळीच नाही. पहिली क्रिया यंत्राने हलकी करावी; प्रश्न उरतो तो तिसरीचा. यंत्राचा स्वर असा की, विचार त्याने घेतला, निर्णय त्याने केला आणि आज्ञाही त्यानेच दिली. आपल्याकडे उरले फक्त सुकाणू फिरविणे.

कोणी म्हणेल, सैनिक आणि संन्यासी हेही आज्ञा पाळतातच. खरे आहे. परंतु त्यांना आज्ञा देणारा कोणाला तरी उत्तरदायी असतो, त्याला ‘का?’ असे विचारता येते, निदान नंतर तरी. आपल्याकडे पानाच्या टपरीवर वाट विचारली तर सांगणारा आधी गाडीकडे पाहतो, मागे बसलेल्या मुलांकडे पाहतो आणि म्हणतो, “तिकडून नका जाऊ, ओढ्याला पाणी आलंय.” (ठाऊक नसतानाही छातीठोकपणे वाट दाखविणारे महाभाग आपल्यात आहेत, हेही नमूद केले पाहिजे.) पण चुकीचे सांगितल्याची लाज त्याला वाटू शकते. यंत्राच्या वाट्याला ती लाज नाही. वळण चुकले तर ते रागावत नाही, निमूटपणे नवा मार्ग आखते. पुष्कळांना यात सहनशीलता दिसते. ज्याचे काहीच बिघडत नाही त्याच्या शांतपणाला सहनशीलता म्हणावे का, याविषयी मला शंका आहे.

शिवाय ‘सर्वांत जलद मार्ग’ ही निवड बहुधा कारखान्यातच झालेली असते. टोल, कच्चा रस्ता, नौका टाळण्याची सोय असते, पण ती शोधून काढावी लागते. आपण घाईत नसलो, तरी घाई आपल्या वतीने आधीच निवडली गेलेली असते आणि ती आपण न वाचताच ‘मान्य’ केलेली असते.

या यंत्रांत आवाज बंद करण्याचीही सोय आहे. नकाशा पडद्यावर तसाच राहतो, बाण सरकत राहतो, फक्त बोलणे थांबते. गाडी उभी करून नकाशा पाहावा लागतो, खिडकीची काच खाली करून कोणाला तरी विचारावे लागते. पोहोचायला चार मिनिटे अधिक लागतात.