नाव सांगणे, नाव राखणे



३० जून २०२० रोजी कॅलिफोर्निया राज्याने सिस्को कंपनीवर जातिभेदाचा खटला भरला. कंपनीने आरोप नाकारले. त्या खटल्यात दलित अभियंत्याचे नाव होते फक्त ‘जॉन डो’. स्वाभिमानी माणसाने नाव का झाकावे, असे तुम्हालाही वाटले असेल. चौथे शील मोडले का?

बडोद्याची आठवण करा. खुद्द बाबासाहेबांना तिथल्या पारशी सराईत पारशी नावाने राहावे लागले. ओळख उघड झाली आणि लाठ्या घेतलेली माणसे समोर उभी राहिली. नाव खोटे होते हे खरे, पण दोष कुणाचा? डोक्यावर छप्पर शोधणाऱ्याचा, की ते नाकारणाऱ्या समाजाचा? पुढे ती हकीकत बाबासाहेबांनी स्वतःच लिहिली. केव्हा सांगायचे, हे त्यांनी ठरवले.

आज अमेरिकेत पत्ता, वय, नातेवाईक सारे काही थोड्या पैशांत ऑनलाइन मिळते. जात आपण दाखवतो. जयंतीचा फोटो, खाली सगळ्यांची पूर्ण नावे. त्यातल्या एखाद्याने ऑफिसात जात सांगितलेली नसते. त्याला विचारले होते का?

दुसऱ्या शीलात आपण न दिलेले न घेण्याचे वचन देतो. दुसऱ्याची ओळखही त्याने दिली तरच घ्यावी.

स्वतःचे नाव ताठ मानेने सांगा. दुसऱ्याचे सांगण्याआधी त्याला विचारा. आणि कुणी ‘नको’ म्हणाला, तर त्याला भित्रा म्हणू नका.

भवतु सब्ब मंगलं.