नाद खरा, मग गोष्टही खरी असावी

ध्यानाच्या वेळी सिंगिंग बाउलचा नाद आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. लाकडी दांडीचा हलका टोला पडतो, नाद खोलीभर पसरतो आणि धावणारे मन त्याच्या मागे जाता जाता शांत होते. मग कोणीतरी सांगते, ‘हे तिबेटचे प्राचीन वाद्य. सात ग्रहांच्या सात धातूंनी बनलेले.’ आपण श्रद्धेने मान डोलावतो. पण साधकाने इथे थोडे थांबून स्वतःला विचारावे, ही गोष्ट खरी आहे का? आणि नसेल, तर मिळालेल्या शांतीचे काय?

वाडगा आला कुठून?

तिबेटी मठांच्या पूजाविधीत घंटा आणि वज्र, तिंगशा नावाच्या छोट्या झांजा, ढोल आणि लांब तुताऱ्या यांचे स्थान निश्चित आहे. वाडगा वाजवण्याच्या परंपरेचा तसा जुना पुरावा मात्र मिळत नाही. नेपाळ आणि उत्तर भारतात हे वाडगे प्रामुख्याने घरातील भांडी होते. त्यांचा धातू म्हणजे आपल्या परिचयाचे कासे, साधारण चार भाग तांबे आणि एक भाग कथील. तळपायाला तूप लावून उष्णता उतरावी म्हणून आजी जी काशाची वाटी घासत असे, तिचाच हा नातलग.

पाश्चात्त्य देशांत या वाडग्यांची ओळख १९७२ मधील हेन्री वुल्फ आणि नॅन्सी हेनिंग्ज यांच्या ‘टिबेटन बेल्स’ या ध्वनिमुद्रिकेने पसरली. जपानमधील ‘रिन’ची परंपरा मात्र जुनी आहे. तिथे गादीवर ठेवलेली ही वाडग्यासारखी घंटा सूत्रपठणाच्या आरंभी आणि शेवटी वाजवतात.

मग शांती खोटी ठरते का?

इथे मन दोन टोकांना जाते. एक म्हणते, ‘लाभ होतो ना? मग गोष्ट कशीही असो.’ दुसरे म्हणते, ‘गोष्टच खोटी, तर सारे ढोंग.’ दोन्ही घाईचे निष्कर्ष आहेत.

शांती आली ती एकाग्रतेने ऐकल्यामुळे. तिला हजारो वर्षांच्या वंशावळीची गरज नाही. पण म्हणून गोष्ट कशीही चालेल, असेही नाही. पतंजलींनी आसन आणि ध्यान यांच्या आधी यम सांगितले, आणि अहिंसेनंतर लगेच सत्य. जे आहे ते जसेच्या तसे पाहायला शिकणे म्हणजे साधना. तिची सुरुवात सोयीच्या असत्याने कशी करायची? शिवाय अशा कथेत तो वाडगा हाताने ठोकून घडवणारा कारागीर विसरला जातो. आणि ‘हा नाद कोणताही आजार बरा करतो’ असे सांगितले, तर एखादा रुग्ण औषध सोडून बसू शकतो. तिथे असत्य हिंसेपर्यंत पोहोचते.

साधनेत उपयोग कसा करावा?

नादाचे खरे महत्त्व आपल्या परंपरेनेही ओळखले आहे. हठयोगप्रदीपिकेत नादानुसंधानाचे वर्णन आहे. त्यात साधक आधी मोठे नाद ऐकतो आणि मग सूक्ष्माकडे वळतो. ध्यानबिंदू उपनिषदात प्रणवाला तेलाची अखंड धार आणि घंटेचा लांबत जाणारा निनाद यांची उपमा दिली आहे.

पाठ ताठ ठेवून सहज बसा. एकच टोला द्या आणि डोळे मिटा. हाताने ठोकलेल्या वाडग्याची जाडी सगळीकडे सारखी नसते. त्यामुळे जवळजवळचे दोन सूर एकत्र उमटतात आणि नाद लाटांसारखा कमी-जास्त होतो. त्या लाटा ऐकत राहा. नाद नेमका कधी संपला, ते शोधा. तो संपल्यावर जी शांतता उरते, तिच्यात थोडा वेळ राहा. लगेच दुसरा टोला देऊ नका.

काही दिवसांनी वाडगा बाजूला ठेवून बसून पाहा. घरात काशाची वाटी असेल तर तीही चालेल, देवघरातील घंटाही चालेल. आणि कोणी विचारले, ‘हे कुठले?’ तर जेवढे ठाऊक आहे तेवढेच सांगा.