आधी उमेदवारी

यवतमाळ, पुसद, वणीच्या अभ्यासिकांत मुलं-मुली येऊन बसलेली असतात. समोर भरतीची पुस्तकं, मनात मात्र घोळ: नोकरी धरावी की स्वतःचं काही उभारावं? या घोळातच अभ्यासावरचं मन उडतं.

अशा वेळी आपल्याच भागातलं एक उदाहरण आठवावं. पुसद तालुक्यातल्या गहुलीत 1913 साली जन्मलेले वसंतराव नाईक नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले, 1940 मध्ये कायद्याचे पदवीधर झाले. बंजारा तांड्यातून इथवर पोहोचणं तेव्हा किती दुर्मिळ! त्यांनी वकिली निवडली. पण आधी अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली वकिलीचं काम केलं, मग पुसदला स्वतःची वकिली थाटली. पुढची महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदाची वर्षं सर्वांना ठाऊक आहेत. मला मात्र हा अमरावतीतला उमेदवारीचा काळ अधिक मोलाचा वाटतो.

अशी उमेदवारी तुम्हालाही करता येईल. आपल्याकडे कापूस, तूर, सोयाबीन पिकतं. सुट्टीत एखाद्या जिनिंगमध्ये, डाळमिलमध्ये हिशेब लिहायला बसा. धंदा झेपेल का, ते तिथे कळेल. वर्गातलं अर्थशास्त्रही जिवंत वाटू लागेल. धंदा करायचं ठरलं, तर जिल्हा उद्योग केंद्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करा. आणि स्पर्धा परीक्षा जरूर द्या, फक्त किती वर्षं द्यायची, हे घरच्यांशी बोलून आजच ठरवा.