धडकेनंतरचा न्याय

मूळच्या बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातल्या प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत नेपाळला ७८-४० असं हरवून पहिला खो-खो विश्वचषक जिंकला. चर्चा झाली ती गुणांची आणि चपळाईची. एवढ्या वेगात पळणाऱ्या मुली एकमेकींवर आदळत का नाहीत, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

खरं तर खो-खोची मांडणीच धडकेला निमंत्रण देणारी. पारंपरिक डावात आठ आक्रमक मधल्या पट्टीवर आलटूनपालटून उलट दिशांना तोंड करून बसतात. पाठलाग करणारीला ती पट्टी ओलांडता येत नाही, मागे वळता येत नाही. संरक्षक मात्र बसलेल्यांमधून खुशाल नागमोडी पळत साखळी घेते. बसलेलीने गुडघा जरा बाहेर काढला तर? त्याचा विचार नियमाने केलेला आहे. बसणारीने वाट अडवायची नाही; त्या अडथळ्यामुळे गडी बाद झाला, तर तो बाद धरायचा नाही. संरक्षकालाही मोकळं रान नाही. बसलेलीला तिचा स्पर्श झाला तर एकदा ताकीद, पुन्हा झाला तर बाद.

अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलला हे शहाणपण यायला हाडं मोडावी लागली. होम प्लेट गाठली की धाव पूर्ण, आणि तिथेच चेंडू झेलणारा कॅचर उभा. १९७०च्या ऑल-स्टार सामन्यात धावणाऱ्या पीट रोझने कॅचर रे फॉसीला धडक देऊन आडवं केलं. अनेकांनी त्यात जिद्द पाहिली. २०११मध्ये अशाच धडकेत कॅचर बस्टर पोझीचा पाय मोडला आणि २०१४मध्ये कुठे धडक रोखणारा नियम आला.

कॉलेजचं बेसबॉल याबाबत आधीच कडक होतं. धावणाऱ्याने प्लेटकडे जायचं, कॅचरच्या अंगावर नाही. प्लेट शिवल्यानंतर कुणी मुद्दाम जोरात धडकला, तर धाव मान्य होते, खेळाडू मात्र मैदानाबाहेर जातो. कमाई आणि वर्तन यांचा हिशेब असा वेगळा ठेवला जातो.

बाकीच्या धावपटूंचं काय? धडकेचा नियम मोडला गेला की बेसबॉलमध्ये पंच खेळ थांबवतो आणि धडकेच्या क्षणी ज्याने जो बेस गाठला असेल, तिथे त्याला परत पाठवतो. खो-खोला इतकी सवड नाही. फाउल झाला की शिट्टी वाजते, पाठलाग करणारीला उलट दिशेने जावं लागतं आणि तेवढ्यात संरक्षक निसटते. शिक्षा पळतापळताच भोगायची! खेळाच्या घाईला शोभणारा हा न्याय आहे, आणि बेसबॉलच्या थांबण्यापेक्षा देखणाही.

पण तो सगळा पंचाच्या नजरेवर उभा आहे. बीडच्या एखाद्या शाळेच्या मैदानावर फक्कीच्या रेषा असतात, चित्रफीत पुन्हा पाहण्याची सोय नसते. अडवणुकीने बाद झालेली मुलगी वाद मिटेपर्यंत बाहेर गेलेली असते. ती मैदानातल्या तिघींच्या तुकडीतली शेवटची असेल, तर पुढची तुकडीही मैदानात उतरलेली असते. अशा वेळी खेळ थांबवून जी जिथे होती तिथे तिला उभं करण्याची बेसबॉलची रीत खो-खोने उसनी घ्यायला हरकत नाही.