सुमिलोनचं मोडलेलं कुंपण

वाद पर्ससीन जाळ्यांचा असो की एलईडी दिव्यांच्या मासेमारीचा, शहरातल्या चर्चेत एक वाक्य हमखास ऐकू येतं: मच्छीमारांच्या हाती समुद्र सोपवला तर ते तो खरवडून काढतील. बोलणाऱ्याला ठाऊक असो वा नसो, या वाक्याचं मूळ 1968 सालात आहे. गॅरेट हार्डिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने ‘सायन्स’ नियतकालिकात सामायिक कुरणाचा दाखला दिला. प्रत्येक गुराखी एकेक जनावर वाढवत जातो आणि शेवटी कुरण सगळ्यांचंच उजाड होतं. समुद्राचंही तसंच होणार, असं त्याने बजावलं. कुरणावर माणसं एकमेकांशी बोलतात, भांडतात, पाळ्या लावून घेतात, हे मात्र त्याच्या हिशेबात नव्हतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी नेमकं तेच जगभरच्या उदाहरणांतून तपासलं आणि 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. खुद्द हार्डिननेही 1990च्या दशकात दुरुस्ती केली: आपण ‘व्यवस्था नसलेली’ सामायिक संपत्ती म्हणायला हवं होतं.

ते वाक्य मात्र तसंच फिरत राहिलं. त्याला खरं उत्तर मिळतं ते फिलिपीन्समधल्या दोन लहान बेटांवर.

एंजल अल्काला हे मूळचे बेडूक आणि सरड्यांचे अभ्यासक. नेग्रोस बेटावरच्या डुमागेटे शहरातल्या सिलिमन विद्यापीठात ते शिकवत. 1974 मध्ये त्यांच्या पुढाकाराने समोरच्या सुमिलोन बेटाभोवतीच्या प्रवाळ खडकांपैकी साधारण चौथा हिस्सा मासेमारीला बंद झाला. उरलेल्या तीन हिश्शांवर जाळी, गळ आणि सापळे चालू राहिले. दहा वर्षं अल्काला आणि त्यांचे सहकारी मासे मोजत राहिले. पाण्यात उतरून मोजले आणि किनाऱ्यावर आलेल्या होड्यांतलेही मोजले. ही दुसरी मोजणी फार मोलाची आहे. खडकावर मासे वाढले, एवढं सांगून घरी परतणारे संशोधक पुष्कळ असतात. होडीत काय आलं, हा मच्छीमाराचा प्रश्न स्वतःचा मानणारे थोडे.

1984 मध्ये सुमिलोनचं कुंपण मोडलं. स्थानिक राजकारण फिरलं आणि राखीव भागातही जाळी पडली. अल्काला यांनी मोजणी थांबवली नाही. ऑस्ट्रेलियाच्या गॅरी रस यांच्याबरोबर त्यांनी 1990 मध्ये निष्कर्ष मांडले. आता पूर्ण खडक खुला होता, म्हणजे मासेमारीचं क्षेत्र वाढलं होतं, तरीही दोन वर्षांत बेटावरची एकूण मासळी निम्म्याहून कमी झाली. बंद चौथ्या हिश्शात वाढलेले मासे बाहेर येऊन उरलेल्या तीन हिश्शांना पोसत होते. कुंपण टिकलं असतं तर हे कदाचित इतकं लखलखीत सिद्ध झालं नसतं.

इथे हार्डिनचा पाठीराखा विचारील: मग कुंपण मोडलं कुणी? स्थानिकांनीच ना? प्रश्न रास्त आहे. गावकी म्हणजे आपोआप शहाणपण, असं मानणाऱ्या भाबड्या मंडळींनी सुमिलोन नीट पाहावं. सुमिलोनचं राखीव क्षेत्र समोरच्या किनाऱ्यावरच्या अनेकांना आपलं वाटत नव्हतं, विद्यापीठाचं वाटत होतं. त्यामुळे राजकारणाचा एक झटका पुरला.

दुसऱ्या, म्हणजे अपो बेटावर अल्काला यांनी क्रम उलटा केला. सिलिमनची माणसं बेटावर जाऊन राहिली, आधी बोलणी झाली, मग 1982 मध्ये जेमतेम अर्ध्या किलोमीटरचा किनारा लोकांनी स्वतः निवडून बंद केला. पहारा त्यांचाच. पुढच्या अभ्यासात दिसलं की सुमारे अठरा वर्षांत त्या पट्ट्यात कारांजिडी आणि अ‍ॅकँथ्युरिडी, म्हणजे आपल्याकडच्या खटाऱ्यांसारखे मासे आणि शेपटीशी काटा असणारे प्रवाळमासे, यांचं एकूण वजन तिप्पट झालं. 1991च्या कायद्याने फिलिपीन्समधल्या नगरपालिकांना 15 किलोमीटरपर्यंतचं पाणी सोपवलं, त्यामागे अशा अनुभवांचं बळ होतं. 1992 मध्ये अल्काला यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी ते देशाचे पर्यावरणमंत्री झाले.

आणि 1994 मध्ये, ते मंत्री असतानाच, अपोचा समुद्र राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. निर्णय मनिलाच्या चौकटीतल्या मंडळाकडे गेले. बेटावरचे मच्छीमार आपण बाजूला पडलो अशी तक्रार करू लागले आणि नंतरच्या अभ्यासकांनीही ती नोंदवली. अल्काला यांच्याविषयी आदर बाळगूनही हे चुकलं असंच म्हणावं लागतं. वीस वर्षांच्या मोजणीने जे दाखवलं, त्यात कागदावरच्या दर्जापेक्षा तिथे रोज होडी घालणाऱ्याचा हक्क मोठा होता.

आपल्याकडे मालवणात हा क्रम पहिल्यापासूनच चुकला. 1987 मध्ये 29.12 चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य अधिसूचनेने आलं आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या वावरणाऱ्यांना ते आपल्यावर आलेलं संकट वाटलं. त्यांचा विरोध अडाणीपणाचा नव्हता. बंदीतून होडीत काय परत येईल, हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्यांनी स्वतः निवडलेला अर्धा किलोमीटरचा तुकडा इथेही बंद करून पाहता येईल. मोजणी मात्र पहिल्या दिवसापासून हवी, आणि ती खडकाबरोबर किनाऱ्यावरच्या टोपल्यांचीही.